साडेसहा हजार लिटर हिरवं पाणी

सोफेवाल्याची बायको घर सोडून गेली त्याला चौदा महिने झाले होते, आणि तिचे वडील अजून त्याच्याकडेच राहत होते. खरं तर तोच त्यांच्याकडे राहत होता, कारण घर त्यांचं. नऊ वर्षांपूर्वी तो घरजावई म्हणून आला तेव्हा गल्लीने त्याची यथेच्छ चेष्टा करून घेतली होती. आता फक्त चेष्टा बदलली होती. घर राहिलं, जावई राहिला, मधली बायकोच तेवढी गेली, असं लोक म्हणायचे. त्याच्या कानावर यायचं, पण लागायचं नाही.

त्याला काहीच लागत नव्हतं. पाय बधिर झाला तर निदान मुंग्या येतात, त्याला मुंग्याही येत नव्हत्या. सकाळी उठून दोघांचा चहा करायचा, सासऱ्यांच्या गोळ्या काढून द्यायच्या आणि गॅरेजमध्ये कामाला बसायचं. लोकांचे बसके सोफे आणि फाटक्या खुर्च्या सोलायच्या, आतला कुजका फोम फेकायचा, स्प्रिंगा बांधायच्या, नवीन कापड ताणून स्टेपल मारायचे. बायको गेली त्या दिवशीही तो हेच करत होता. ती गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, "मी दुसऱ्या गावी नोकरी घेतलीय." त्याने विचारलं, "परत कधी?" ती म्हणाली, "परत नाही." त्याने मान हलवली. दंतवैद्याची खुर्ची संध्याकाळपर्यंत द्यायची होती, त्याने ती पूर्ण केली.

सासरे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य साखळ्या, टेप आणि दुर्बिणी घेऊन लोकांच्या हद्दी ठरवण्यात गेलेलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मोजणीदारच म्हणायची. परसातलं तळं त्यांनी स्वतः खणलं होतं. कडेला दगड, मध्ये छोटा पंप, आणि त्यात अकरा मासे, लाल, पांढरे, ठिपक्यांचे. गेल्या दोन वर्षांत त्यांची आठवण भोक पडलेल्या बादलीसारखी गळायला लागली होती. जुनं राहायचं आणि आजचं निघून जायचं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नसे. पण जावयाशी बोलताना जिभेवरची आदराची घडी कधी मोडली नाही.

"जावईबापू," त्या उन्हाळ्यात एका सकाळी ते म्हणाले, "मासे कुठे गेले?"

त्याने चहाचा कप ठेवला आणि जाऊन पाहिलं. पाणी हिरवंगार झालं होतं. वाटाण्याची सालं वाटून टाकावीत असं दाट. वीतभर खालचं दिसत नव्हतं.

"आहेत खाली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. आठवडाभर हे झाल्यावर त्याने रविवारी पंप लावून अर्धं तळं उपसलं, नळाचं ताजं पाणी भरलं. दोन दिवस बरं दिसलं. पाचव्या दिवशी पाणी आधीपेक्षा हिरवं. दुसऱ्या कुणी डोक्याला हात लावला असता. तो नुसता बघत राहिला आणि मग एका गिऱ्हाइकाच्या बाकाचं कापड कापायला गेला.

शेवटी तो माशांच्या दुकानात गेला. खायच्या नव्हे, पाळायच्या. दुकान एका बाई चालवत. वयस्क, ठेंगण्या, बाह्या कायम कोपरापर्यंत ओल्या. काचेच्या टाक्यांच्या मधून त्यांचा आवाज आधी आला आणि मग त्या आल्या.

"शेवाळ झालंय," तो म्हणाला. "औषध हवंय."

"औषध शेवटी. आधी माहिती. किती लिटर पाणी?"

त्याला ठाऊक नव्हतं. त्याने घरी फोन लावला. सासऱ्यांनी तिसऱ्या रिंगला उचलला.

"बाबा, आपल्या तळ्यात पाणी किती?"

"लांबी चार मीटर, रुंदी अडीच, सरासरी खोली पासष्ट सेंटिमीटर. साडेसहा हजार लिटर," पलीकडून लगेच उत्तर आलं. "कोण बोलतंय?"

बाईंनी कागदावर आकडा लिहिला. ऊन किती वेळ पडतं? दिवसभर. मासे किती? अकरा. खाणं किती घालता?

"डबा आणतो. पंधरा दिवसांनी संपतो."

"केवढा डबा?"

त्याने मागच्या फळीवरचा मोठा डबा दाखवला. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, तुमच्याकडे मासे आहेत की म्हशी? हा डबा अकरा माशांना तीन महिने जायला हवा. न खाल्लेलं तळाशी सडतं आणि शेवाळाची चंगळ होते. तुम्ही मासे पाळत नाही आहात, शेवाळ पाळताय. घालतं कोण?"

"सासरे."

"मग त्यांना सांगा."

बाईंनी एक बाटली दिली आणि पुन्हा पुन्हा बजावलं. हजार लिटरला दहा मिलिलिटर लिहिलंय, पण तुम्ही निम्मंच घाला आणि आठवडाभर थांबा. शेवाळ एकदम मेलं की ते सडतं, आणि सडताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं.

डब्यावर डबा आणताना त्याला एकदाही कसं जाणवलं नाही? घरी येताना तो याचाच विचार करत होता. डबा संपला की आणायचा, जसा ब्रेड आणतात तसा.

दुसऱ्या दिवशी त्याने कामाचं टेबल गॅरेजच्या मागच्या खिडकीकडे ओढलं. तिथून तळं दिसायचं. साडेसातला सासरे डबा घेऊन आले, चिमूट टाकली, हिरव्या पाण्यातून वर आलेल्या तोंडांकडे बघून हसले. "या, या, भूक लागली का रे?" पावणेआठला परत आले. तीच चिमूट, तेच हसू, "या, या." जेवायच्या वेळेपर्यंत ते नऊ वेळा आले. नवव्या वेळचा आनंद पहिल्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

त्याने डबा लपवला. सासऱ्यांनी ब्रेड कुस्करला. ब्रेड वरच्या फळीवर ठेवला तर बिस्किटं. बिस्किटंही उचलली तेव्हा ते गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. कान लाल झालेले.

"मुक्या जिवांना उपाशी मारताय तुम्ही. हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं, जावईबापू."

"सकाळी घातलंय, बाबा."

"कुणी?"

"तुम्हीच."

ते त्याच्याकडे बघत राहिले. समोरच्याने खोटी हद्द दाखवली की मोजणीदार जसा बघत असेल तसं. मग वळून गेले. त्याने डबा परत जागेवर ठेवला. वाद घालायला अंगात काहीतरी लागतं, ते त्याच्यात नव्हतं.

औषध मात्र त्याने सांगितल्याप्रमाणे निम्मंच घातलं, मापाने, संध्याकाळी. आणि बाटली मापाच्या पेल्यासकट परसाच्या खिडकीत ठेवली. चूक ती एवढीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो चहाचा कप हातात घेऊन परसात आला तर पाण्याचा रंग बदललेला. हिरवा जाऊन मातकट झालेला, वर फेस, आणि सगळे अकरा मासे पृष्ठभागावर. तोंडं वर काढून उघडझाप करत होते. एक पांढरा आडवा होऊन पंपाजवळ फिरत होता.

तो उभा राहिला. हवा संपलीय, हे त्याला कळलं होतं, बाईंनी सांगितलेलंच होतं. पाइप चार पावलांवर होता. तरी तो उभाच राहिला, चहा प्यायला, आणि बघत राहिला. किती वेळ, ते त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. एक मिनिट असेल, पाच असतील. तोंडं उघडत होती, मिटत होती. आपण काहीतरी करायला हवं, हा विचार डोक्यात होता, पण तो दुसऱ्याच कुणाला उद्देशून आल्यासारखा होता.

"अहो, बघताय काय!" मागून सासऱ्यांचा आवाज फुटला. "श्वास लागलाय त्यांना!"

बहात्तर वर्षांचा माणूस पायजम्यासकट गुडघाभर पाण्यात उतरला, आणि बादलीने पाणी उचलून उंचावरून परत त्याच पाण्यात ओतू लागला. पाणी आपटायचं, फेसाळायचं, मासे त्या जागेकडे यायचे. "पाइप आणा! धार उंच धरा!"

मग तो हलला. त्याने पाइप उंच धरला, दुसऱ्या हाताने दुकानात फोन लावला. बाई आधी ओरडल्या, मग म्हणाल्या, नळाचं पाणी एकदम भरू नका, बारीक धार ठेवा, खालचं घाण पाणी थोडं थोडं काढत राहा, आणि पाणी आपटत राहा, थांबू नका. दुपारपर्यंत ते थांबले नाहीत. सासरे दमले की तो बादली घेई, तो दमला की सासरे. गिऱ्हाइकाचा फोन दोनदा वाजून बंद झाला.

सहा मासे वाचले, पाच गेले. कपडे बदलून आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "आज तळ्याला काय झालं होतं?"

उत्तर खिडकीतच होतं. बाटली अर्धी रिकामी होती. शेजारी सासऱ्यांची मोजणीची जुनी वही. त्याने ती उघडली. 'तळ्यात औषध. पासष्ट मिलिलिटर.' वळणदार, रेखीव अक्षर. पुढच्या पानावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या पानावरही. प्रत्येक कामाला नवं पान, ही त्यांची नोकरीतली शिस्त, त्यामुळे आधीचं पान दिसायचंच नाही. चार पानं, चार नोंदी. पाणी हिरवं दिसलं, लेबल वाचलं, हिशेब केला, औषध घातलं. चारही वेळा माप अगदी बरोबर.

त्याने वही मिटून परत ठेवली. राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो जरा थांबला, येतो का बघायला. आला नाही. मग त्याने पाच मासे गादीच्या जाड कापडात गुंडाळले आणि कुंपणाशी पुरले.

दुकानवाल्या बाई दुसऱ्या दिवशी स्वतःच आल्या. तळ्याभोवती एक फेरी मारली, सासऱ्यांशी दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि सगळं ओळखलं.

"औषध बंद," त्या त्याला म्हणाल्या. "बाटली मी नेते. निम्म्या तळ्यावर सावली करा. आणि त्यांच्या गोळ्यांची ती वारांची डबी असते ना, सात खणांची? तसली एक माशांसाठी घ्या. रोज एक खण."

डबी चालली. सासरे डबी उघडत, आजच्या वाराचा खण रिकामा दिसला की डोकं खाजवत आणि म्हणत, "घातलेलं दिसतंय." जावयाचं तोंडी म्हणणं त्यांना मान्य नव्हतं, पण रिकामा खण हा पुरावा होता, आणि पुराव्यापुढे मोजणीदाराचं काही चालत नाही.

सावलीसाठी त्याने आरामखुर्च्यांचं जाड कॅनव्हास मशीनवर जोडून शिवलं, कडांना कड्या ठोकल्या आणि चार खांबांवर ताणून बांधलं. हे काम त्याला येत होतं. महिन्याभरात पाण्याचा हिरवेपणा उतरला. सहा मासे दिसायला लागले. आणि पाणी निवळून ऊन तळापर्यंत पोचल्याबरोबर दगडांवरून दुसरंच शेवाळ आलं, लांब दोऱ्यांचं, विंचरून काढलेल्या केसांच्या गुंतवळ्यासारखं.

"येणारच," बाई फोनवर म्हणाल्या. "त्याला औषध नाही. खरखरीत काठी घ्यायची, पाण्यात फिरवायची, दोरे गुंडाळून बाहेर काढायचे. कंटाळा येईपर्यंत. मग परत."

त्याने एका काठीला सोफ्याच्या बुडाला लावतात तो सुताचा पट्टा घट्ट गुंडाळला. दोनदा फिरवून पाहिली. तेवढ्यात सासरे आले.

"हे तळं कुणी इतकं घाण ठेवलंय?"

"मी," तो म्हणाला.

"लाज नाही वाटत?"

त्याने खरंच विचार केला. "नाही, बाबा."

"द्या इकडे."

त्यांनी काठी घेतली ती घेतलीच. दगडावर बसून दोरे गुंडाळायचे, काठी बाहेर काढून बादलीत निपटायची, परत पाण्यात. तासाभराने आत जायचे, चहा प्यायचे, पुन्हा बाहेर आले की तळं बघून संतापायचे. "कुणी घाण केलंय हे?" आणि पुन्हा काठी. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा, दर वेळी नव्या दमाने. शेवाळही तेवढ्याच चिकाटीने येत होतं. दोघांपैकी कुणालाच कंटाळा येत नव्हता. खिडकीतून हे बघत तो खुर्च्या शिवायचा. गॅरेजमध्ये दर तासाला येणारी ही हाळी त्याच्या अंगवळणी पडली. सासरे ओरडायचे, "कुणी?" तो सुई न थांबवता म्हणायचा, "मी."

एका शनिवारी दुपारी फाटक वाजलं आणि ती आत आली. दर रविवारी तिचा फोन यायचा, पण वडिलांच्या फोनवर. जावयाने तिला चौदा, आता सोळा, महिन्यांत पाहिलं नव्हतं. केस आखूड केले होते. हातात एक फाइल होती.

"आलीस?" सासरे दगडावरूनच म्हणाले. "आज ऑफिस लवकर सुटलं?"

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. तो मागोमाग गेला. ती ओट्याला टेकून रडत होती. त्याने पाण्याचा पेला भरून जवळ ठेवला आणि हात कुठे ठेवावेत हे न कळून ते खिशात घातले.

"वाळलेत किती," ती म्हणाली.

"खातात नीट. वजन करतो मी."

तिने डोळे पुसले. "मी राहते तिथून जवळ एक जागा बघितलीय. नर्स असतात, डॉक्टर येतात. पुढच्या महिन्यात खोली मिळेल. आणि आपले कागद पण आणलेत. सही."

"दे."

दोघं गॅरेजमध्ये आली. त्याने कापायच्या टेबलावरचं रेक्झिन बाजूला सारून तिथेच सह्या केल्या, खुणा केलेल्या प्रत्येक पानावर. ती बघत होती.

"वाचणार पण नाहीस?"

"तू वाचलंयस ना."

"तू कधी रडलास का रे? मी गेल्यावर?"

"नाही."

"त्या दिवशी पण नाही?"

"त्या दिवशी डॉक्टरची खुर्ची द्यायची होती."

ती हसली की काय ते कळलं नाही, पण आवाज तसा आला. "एवढ्याचसाठी गेले मी. दुसरं काही कारण नव्हतं, माहितीये तुला? लोक मला विचारतात, काय केलं त्याने? मी काय सांगू, काही केलं नाही? आधी असा नव्हतास तू. कधीपासून असा झालास तेही मला सांगता येत नाही."

"मलाही नाही," तो म्हणाला. हे खरं होतं, आणि तिला ते खरं वाटलं असावं, कारण तिने कागद गोळा करून फाइलमध्ये घातले.

ती परसात जाऊन वडिलांजवळ दुसऱ्या दगडावर बसली. तो खिडकीशी उभा राहिला.

"बाबा, माझ्याबरोबर याल? माझ्या गावी?"

"येईन की. हे एवढं उरकलं की निघू."

ती थांबली. त्यांनी एक बादली भरली. दुसरी अर्धी केली. आत गेले, चहा घेऊन आले, तळं पाहिलं आणि कडाडले, "कुणी घाण केलंय हे?"

"मी!" गॅरेजमधून उत्तर गेलं.

तिने चमकून खिडकीकडे पाहिलं. सासरे बसले, काठी बुडवली. तासाभराने तिने पुन्हा विचारलं. "निघू ना," ते म्हणाले, "हे एवढं झालं की." त्यांचे दंड ओले होते, चेहरा उन्हाने तांबूस. तिने त्यांच्या हातून बादली घेऊन कुंपणाशी रिकामी केली, परत आणून दिली. ऊन कलेपर्यंत ती तशीच बसून होती. चार वेळा विचारलं, चार वेळा तेच ऐकलं.

मग ती गॅरेजमध्ये आली.

"त्या खोलीसाठी मी नको म्हणून कळवते. सध्या तरी. महिन्यातून दोनदा मी येईन, शनिवारी. डॉक्टरकडे मी नेईन. तुला चालेल?"

"चालेल."

"चालेल की हवंय?" ती म्हणाली. "तुझ्याकडे हा एकच शब्द आहे. चालेल. मला दुसरं ऐकायचंय. आता आपलं नातं कागदावर संपलंय. तुझ्यावर त्यांची कसलीही जबाबदारी नाही. उद्या तू सामान उचलून गेलास तरी कुणी तुला बोलू शकत नाही. म्हणून विचारते. हवंय का तुला?"

त्याने सुई कापडात टोचून ठेवली. बाहेर सासरे बादलीवर काठी आपटत होते. त्याला ती सकाळ आठवली, उघडझाप करणारी तोंडं, हातातला चहा, आणि मागून आलेली ओरड. त्याबद्दल त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला सांगावं असं एकदा ओठांवर आलं, पण सांगितलं नाही.

"हवंय," तो म्हणाला.

आवाज घोगरा आला. आनंद वगैरे काही झाला नाही. कापड मापात बसलं की जसं कळतं, तेवढंच कळलं. तिने फाइल उचलली, वडिलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फाटक लावून गेली.

"ही परत कुठे निघाली?" सासऱ्यांनी विचारलं.

"ऑफिसला," तो म्हणाला, आणि दगडावर जाऊन बसला. त्यांनी न मागता त्याला बादली दिली.

ती बोलल्याप्रमाणे येत राहिली. शनिवारी तो तिघांचा चहा करायचा. गल्लीला नवी चेष्टा सापडली, की आता जावई नसलेला घरजावई झाला. हवा गार झाली तसा शेवाळाचा जोर ओसरला, सासऱ्यांच्या फेऱ्या आठावरून चारावर आल्या. पाणी पूर्ण नितळ कधी झालं नाही. एकदा दुकानवाल्या बाई येऊन गेल्या, बाही वर करून त्यांनी हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत दिसत होता.

"अजून साफ करायचं?" त्याने विचारलं.

"पुरे झालं एवढं," हात झटकत बाई म्हणाल्या. "मासे जगतात यात."